पहिला प्रोजेक्टर: नऊ महिन्यांचा अनुभव

काल दिव्याचा काउंटर बघितला, ६१२ तास झालेत. नऊ महिने जवळपास रोज रात्री वापरल्यावर आता खात्रीने लिहू शकतो. बजेट बेताचं असेल आणि पहिलाच प्रोजेक्टर घ्यायचा असेल, तर प्रोजेक्टर शोधण्याआधी खोली मोजा आणि ती किती काळोखी होते ते बघा. मी नेमकं उलटं केलं होतं.

मी सगळ्यात आधी मागवला तो प्रोजेक्टर हा नव्हेच. त्याच्या खोक्यावर '९००० ल्युमेन्स' (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) आणि '४के सपोर्ट' असं ठळक छापलं होतं. दिवे मालवून लावला तरी चेहरे धुरकट दिसायचे. सबटायटल्स मधोमध नीट वाचता येत, पण कडेला अक्षरं पसरलेली. माहितीपत्रक चाळलं तेव्हा तळाशी बारीक अक्षरात सापडलं: नेटिव्ह रेझोल्यूशन १२८० × ७२०. '४के सपोर्ट' म्हणजे तो ४केचा सिग्नल घेतो एवढंच, दाखवतो मात्र स्वतःकडे आहेत तेवढ्याच पिक्सेलमध्ये. ल्युमेन्सचंही तसंच. आकड्यासोबत 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ' (ठरलेल्या पद्धतीने मोजल्याची खूण) लिहिलेलं नसेल तर तो आकडा हिशेबात धरूच नका. चार दिवसांत परत पाठवला.

दुसऱ्या वेळी आधी मोजपट्टी काढली. १०० इंची (कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत) चित्र म्हणजे २.२१ मीटर रुंद. थ्रो रेशो (लेन्सचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर लेन्स भिंतीपासून २.२१ गुणिले १.५, म्हणजे साधारण ३.३ मीटरवर हवी. माझ्याकडे सोफ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत साडेतीन मीटर मिळत होते, त्यामुळे झूमने १.५ ते १.६५ थ्रो रेशो देणारा फुल एचडी डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवरून चित्र टाकणारा) प्रोजेक्टर बरोबर बसला. भिंतीवर मास्किंग टेपने चौकट आखली, दोन रात्री त्या रिकाम्या चौकटीसमोर बसलो आणि मगच ऑर्डर दिली.

तरी एक गोष्ट सुटलीच. असे बरेच डीएलपी प्रोजेक्टर चित्र सरळ समोर टाकत नाहीत, लेन्सच्या पातळीच्या वर टाकतात. मी तो मागच्या उंच फडताळावर ठेवला आणि निम्मं चित्र छतावर गेलं! पुढून खाली वाकवून कीस्टोन (वाकडी चौकट सरळ करणारी सेटिंग) लावलं तर चौकट सरळ झाली, पण कीस्टोन म्हणजे चित्रच दाबून, पिक्सेल खर्चून केलेली दुरुस्ती. अक्षरांच्या कडा मऊ पडल्या, आणि चित्राभोवती राखाडी उजेडाची तिरकी पट्टी दिसायला लागली. शेवटी छताला ब्रॅकेट ठोकून तो उलटा टांगला, मेनूत 'सीलिंग' निवडलं आणि कीस्टोन शून्यावर आणलं. त्या रात्री चित्र पहिल्यांदा खणखणीत दिसलं. लेन्स शिफ्ट (प्रोजेक्टर न हलवता चित्र वर-खाली सरकवायची सोय) असलेला मिळाला तर हा त्रास बराच कमी होतो, पण या बजेटमध्ये ती सोय क्वचितच असते.

उजेडाचं गणित मात्र सगळ्यांनी एकदा करून बघावं. सिनेमागृहात पडद्यावर ४८ निट्स (पडदा किती उजळ दिसतो त्याचं माप) उजेड प्रमाण मानतात. साध्या पांढऱ्या १०० इंची पडद्यावर तेवढा उजेड पाडायला खरे ४१५ ल्युमेन्स पुरतात. १२० इंचांवर गेलात तर क्षेत्रफळ १.४४ पट होतं, म्हणजे सुमारे ६०० लागतात. ही गरज पूर्ण काळोखातली. प्रोजेक्टर काळा रंग 'टाकू' शकत नाही. उजेड न पडलेली भिंत जशी दिसते तोच तुमचा काळा. स्वयंपाकघरातला एक दिवा सुरू राहिला तरी रात्रीच्या प्रसंगांचा पार चिखल होतो. माझ्या प्रोजेक्टरवर ३५०० एएनएसआय ल्युमेन्स लिहिलेत, पण ते सर्वांत उजळ मोडमध्ये, आणि त्यात माणसं हिरवट दिसतात. मी कायम सिनेमा मोड आणि इको (कमी उजेडाचा) दिवा ठेवतो. पंखाही हळू फिरतो, शांत प्रसंगात तो ऐकू येणं फार खटकतं. सगळ्यात मोठा फरक कशाने पडला असेल तर खिडक्यांच्या जाड, काळ्या अस्तराच्या पडद्यांनी. एचडीआर (उजळ-गडद फरक वाढवणारा चित्राचा प्रकार) बंदच ठेवा. एवढ्याशा उजेडात त्याने चित्र काळवंडतं.

आवाजाबद्दल थोडक्यात: आतला स्पीकर विसरा. ब्लूटूथवर ओठ आणि शब्द जुळेनात, म्हणून ऑडिओ आउटमधून साधी वायर स्पीकरला नेली. सिनेमे लावायच्या स्ट्रीमिंग स्टिकला प्रोजेक्टरच्या यूएसबीतून वीज पुरत नव्हती, ती सारखी रिस्टार्ट व्हायची. वेगळा ॲडॉप्टर लावल्यावर थांबलं. आणि बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत मेनचं बटण दाबू नका, दिवा थंड व्हावा लागतो.

एक दुःख आहे, तेही सांगतो. एकाच चिपच्या डीएलपीमध्ये रंगचक्र फिरतं आणि लाल, हिरवा, निळा रंग एकामागून एक पडद्यावर येतात. बहुतेकांचे डोळे ते एकत्र करतात. आईचे करत नाहीत. काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी सबटायटल्स वाचून तिने नजर वर उचलली की अक्षरांमागे रंगीत रेघा ओढल्यासारख्या दिसतात, आणि अर्ध्या तासात तिचं डोकं दुखतं. मला एकदाही दिसल्या नाहीत. थ्रीएलसीडी (तीन एलसीडी चिपच्या) प्रोजेक्टरमध्ये तिन्ही रंग एकाच वेळी पडतात, तिथे हा प्रश्नच येत नाही. घेण्याआधी घरातल्या प्रत्येकाला एखाद्या डीएलपीसमोर सबटायटल्स लावून बसवायला हवं होतं. हा दिवा संपला की नवा दिवा घेणार नाही. थ्रीएलसीडी घेईन, आईला समोर बसवून.