टॅम्पातलं घर: विमा 'सिटिझन्स'चा की खासगी कंपनीचा?

फ्लोरिडात चक्रीवादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत, पण विम्याचं काम मे महिन्यातच उरकून टाका. नाव मिळालेलं वादळ एकदा मेक्सिकोच्या आखातात शिरलं की कंपन्या नवी पॉलिसी देणं थांबवतात. मग एजंटला कितीही फोन करा.

'सिटिझन्स' ही राज्याने २००२ साली उभी केलेली विमा संस्था, ज्यांना खासगी कंपन्या दारात उभं करत नाहीत त्यांच्यासाठी. २०२२ मध्ये एकामागून एक खासगी कंपन्या बुडाल्या, लोक इकडे धावले आणि २०२३ मध्ये तिच्या पॉलिसी १४ लाखांपर्यंत गेल्या. त्यानंतर बऱ्याच पॉलिसी पुन्हा खासगीकडे वळवल्या गेल्या.

म्हणजे निवड अर्धीच तुमच्या हातात आहे. खासगी कंपनीचा प्रीमियम २० टक्क्यांपेक्षा जास्त महाग नसेल, तर सिटिझन्स तुम्हाला घेत नाही. घेतलं तरी पुढे कधीतरी 'तुमची पॉलिसी अमुक कंपनी उचलत आहे' असं पत्र येतं. ते जाहिरातीसारखं दिसतं, पण रद्दीत टाकू नका. उत्तर दिलं नाही तर पॉलिसी आपसूक तिकडे जाते.

पैशांचं बघू. राहत्या घरासाठी सिटिझन्सच्या वार्षिक दरवाढीला कायद्याने मर्यादा आहे, खासगीला तशी नाही. पण मोठ्या वादळात सिटिझन्सची तिजोरी रिकामी झाली, तर तिच्याच ग्राहकांवर प्रीमियमच्या १५ टक्क्यांपर्यंत अधिभार बसू शकतो. तूट त्याहून मोठी असेल तर खासगीवाल्यांच्या बिलातही आकार लागतो, त्यामुळे 'आपण सुटलो' असं कुणीच म्हणू नये.

खासगी कंपनी बुडाली तर? राज्याचा हमी निधी घराच्या क्लेमला साधारण ५ लाख डॉलरपर्यंत भरपाई देतो. पैसे बुडत नाहीत, पण छतावर निळी ताडपत्री टाकून महिनोन्महिने वाट बघायची तयारी हवी.

लोकांचा खरा संताप मात्र क्लेमच्या दिवशी उसळतो, आणि त्यात दोघांत फारसा फरक नाही. चक्रीवादळाचा डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपल्याच खिशातून भरायचा वाटा, वेगळा असतो: घराच्या विमा रकमेच्या २, ५ किंवा १० टक्के. ऑक्टोबर २०२४ च्या 'मिल्टन' वादळानंतर माझ्या खासगी कंपनीचा माणूस वीस मिनिटांत छतावरून उतरला. दोन महिन्यांनी पत्र आलं: नुकसान ७,४०० डॉलर. विमा रक्कम ४ लाख, २ टक्क्यांचे झाले ८,०००. हातात भोपळा! गंमत अशी, की पॉलिसी घेताना मी फक्त प्रीमियमचा आकडा बघितला होता.

पोहण्याच्या तलावावर जाळीचा पिंजरा असेल, तर हे वाचाच. सिटिझन्स वादळात मोडलेला पिंजरा भरून देत नाही. काही खासगी कंपन्या जादा पैसे घेऊन तो विम्यात घेतात. आमच्या गल्लीत मिल्टनच्या दुसऱ्या दिवशी ॲल्युमिनियमच्या वाकलेल्या दांड्यांचे ढीग पडले होते, म्हणून हा मुद्दा मला किरकोळ वाटत नाही.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही बाजू सारख्याच: पुराचं पाणी घराच्या विम्यात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये 'हेलीन' वादळ किनाऱ्याला धडकलं दूर उत्तरेला, पण समुद्राचं पाणी टॅम्पा उपसागराकाठच्या घरांत शिरलं. त्यातल्या अनेकांना हे तेव्हाच कळलं. सरकारी पूरविमा घराला २.५ लाख आणि सामानाला १ लाख डॉलरपर्यंत मिळतो, आणि सहसा ३० दिवसांनी लागू होतो. सिटिझन्स तर बहुतेक घरमालकांना पूरविमा घ्यायलाच लावत आहे. खासगी स्वस्त वाटला तरी हा खर्च दोन्हीकडे धरून मगच तुलना करा.

माझं मत विचाराल, तर छत जुनं आणि घर किनाऱ्याजवळ असेल तर सिटिझन्स. २००२ च्या बांधकाम नियमांनंतरचं घर आणि नवं छत असेल तर खासगी, पण कंपनीची आर्थिक पत तपासून आणि २ टक्क्यांचाच डिडक्टिबल मागून.

कोटेशन मागवण्याआधी वादळरोधक तपासणी करून घ्या. तपासनीस माळ्यावर चढतो आणि छताच्या कैच्या भिंतीला पट्टीने बांधल्यात की नुसत्या खिळ्यांनी ठोकल्यात याचे फोटो काढतो. पट्टी निघाली तर प्रीमियम दोन्हीकडे उतरतो. आमच्या घरी निघाली, आणि तोवर चार वर्षं आम्ही सवलतीविना पैसे भरत होतो.