हुगिन : फुकटचं सॉफ्टवेअर, पण पॅनो काढायला मला त्यानेच शिकवलं

दोन पावसाळे झाले, पॅनोरमा, म्हणजे शेजारशेजारचे फोटो जोडून एकच रुंद चित्र, बनवायला मी हुगिनच वापरतोय, आणि याच्यावर मराठीत लिहायचं कधीपासून मनात होतं. पहिली गोष्ट, हे पूर्ण फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं, वॉटरमार्क नाही की ट्रायल संपायची भानगड नाही. याच्या पोटात हेल्मुट डर्श या जर्मन प्राध्यापकांच्या पॅनोरमा टूल्सचं गणित आहे, नव्वदच्या दशकातलं. पीटीजीयूआय हे पॅनो जोडायचं दुसरं सॉफ्टवेअर त्याच मुळातून आलेलं, पण ते पैसे देऊन घ्यावं लागतं.

माझा पहिला पॅनो हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा. ऑक्टोबर महिना, पाचनईकडून चढलो, दुपारनंतर कड्यावर ऊन आलेलं, हवा धुतल्यासारखी स्वच्छ, आणि मी ३५ एमएमची लेन्स लावून हातातच कॅमेरा धरून डावीकडून उजवीकडे १० फोटो काढले, सगळं ऑटोवर. घरी येऊन हुगिनमध्ये टाकले. पहिल्या असिस्टंट टॅबवर तीनच बटणं आहेत, फोटो लोड करा, अलाइन करा, पॅनोरमा बनवा. तीन क्लिकमध्ये पॅनो तयार झाला पण आकाशात उभे पट्टे, क्षितिज मधे खाली झुकलेलं, आणि पुढचा कातळ एका ठिकाणी चक्क तुटलेला, अर्धा वर अर्धा खाली. मला फार वाईट वाटलं होतं, एवढं चढून गेलो आणि हातात हे.

आता इथेच हुगिन बाकीच्यांपेक्षा वेगळं ठरलं माझ्यासाठी. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मर्ज केलं की पॅनो एक तर येतो किंवा येत नाही, का नाही ते कळत नाही. हुगिन अलाइन झाल्यावर सांगतं की जोड सरासरी किती पिक्सेलने चुकतोय, आणि एफ ३ दाबलं की सगळ्या कंट्रोल पॉइंटची यादीच उघडते. कंट्रोल पॉइंट म्हणजे दोन शेजारच्या फोटोंतला तोच एक बिंदू, समजा दोन्हीकडे दिसणारा एकच दगड. यादी अंतराप्रमाणे लावली की सगळ्यात जास्त चुकणारे वर येतात, आणि त्यावर क्लिक केलं की ते दोन फोटो शेजारी शेजारी तो बिंदू दाखवत उघडतात. मी एकेक बघत गेलो तर वरचे जवळजवळ सगळे पायाजवळच्या कातळावरचे आणि कारवीच्या झुडपांवरचे, काही ढगांवरचे. लांबच्या डोंगरांवरचे सगळे व्यवस्थित बसलेले. म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर होतं, फोटो काढतानाच चूक झालेली, आणि ती नेमकी कुठे ते समोर दिसत होतं.

चूक पॅरालॅक्सची. हातात कॅमेरा धरून आपण वळतो तेव्हा आपण वळतो पण लेन्स गोल फिरत पुढेमागे सरकते, एक फूटभर तरी, त्यामुळे जवळची वस्तू मागच्या डोंगराच्या मानाने जागा बदलते. मग कुठलंही सॉफ्टवेअर ते दोन्ही एकाच वेळी जुळवू शकत नाही. सगळं एक किलोमीटर लांब असेल तर हातात धरून काढा, काही बिघडत नाही, पण मीटर दोन मीटरवर दगड गवत असेल तर लेन्सच्या आतल्या एका ठराविक बिंदूवरच कॅमेरा फिरला पाहिजे. हा बिंदू मी गच्चीवर शोधला, दोरी बांधायचा खांब जवळ आणि समोरच्या बिल्डिंगची कड लांब, दोन्ही एका रेषेत धरायचे, कॅमेरा डावीउजवीकडे फिरवून बघायचा, खांब कडेपासून सरकला तर कॅमेरा ट्रायपॉडवरच्या सरकत्या पट्टीवर थोडा मागे घ्यायचा, परत बघायचं. एक संध्याकाळ गेली. अशी साधी पट्टी पुरते, महागडं पॅनो हेड लगेच घ्यायची गरज नाही.

आकाशातले पट्टे ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्समुळे आलेले. हुगिन एक्स्पोजरचा फरक बराच सांभाळून घेतं पण त्याच्यावर सोडू नका, सगळ्यात उजळ भाग बघून एक्स्पोजर मॅन्युअल लॉक करा, फोकसही मॅन्युअल. लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर काढून ठेवा, कारण सूर्यापासून ९० अंशांवर आकाश गडद होतं आणि बाकी तसंच राहतं, रुंद पॅनोत तो डाग कशानेही जात नाही. कॅमेरा उभा धरायचा, ३० टक्के ओव्हरलॅप. माझ्या क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) ३५ एमएमला उभा फोटो साधारण २५ अंश घेतो, म्हणून १८० अंशाला १० फोटो लागतात, आणि २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून जोडून साधारण २८,००० पिक्सेल रुंद चित्र येतं. ३०० डीपीआयला साडेसात फुटांपेक्षा जास्त रुंद प्रिंट! फोनच्या पॅनोत हे शक्य नाही.

दुसऱ्या वर्षी परत गेलो, ट्रायपॉड घेऊन. कड्यावर खालून वारा येतो तो ट्रायपॉड हलवतो, त्यामुळे मधल्या दांड्याला बॅग लटकवली. त्या वेळी आलेला मीन एरर, म्हणजे जोडाची ती सरासरी चूक, बघून मी खुर्चीतून उठलो होतो, एका पिक्सेलच्याही खाली.

पण खरी शिकवण प्रोजेक्शनची, म्हणजे आपल्या भोवतीचं दृश्य सपाट चित्रावर कसं पसरायचं याची, ती मला कोणी सांगितली नव्हती. कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला, घोड्याच्या नालेसारखा. मी त्याच्या बरोबर मधे उभा राहिलो होतो, आणि सिलिंड्रिकल प्रोजेक्शनमध्ये तो वळणदार कडा जवळजवळ सरळ भिंत होऊन आला! कारण सिलिंड्रिकल म्हणजे आपल्या भोवतीचा गोल उलगडून सपाट करणं, आणि आपल्या भोवती गोल असलेली वस्तू त्यात सरळच होणार. उलट सरळ तटबंदी किंवा रस्ता त्यात वाकतो. ज्या वळणासाठी लोक तिथे जातात तेच वळण माझ्या चित्रातून गेलं होतं. पण त्याच दिवशी तासाभराने धारेच्या एका टोकाला जाऊन, कडा एका बाजूला घेऊन कमी कोनाचा, १०० अंशांचा पॅनोही काढला होता, तो रेक्टिलिनियरमध्ये जोडला, ज्यात सरळ रेषा सरळच राहतात, आणि तिथे वळण आलं. रेक्टिलिनियर १२० अंशांच्या पुढे नेऊ नका, चित्राच्या बाजू ताणल्या जातात. हुगिनच्या फास्ट प्रिव्ह्यू खिडकीत प्रोजेक्शन बदलून लगेच बघता येतं, झुकलेलं क्षितिजही तिथेच स्ट्रेटन बटणाने सरळ होतं.

मास्क पण सांगायला हवा. फ्रेममधून ट्रेकर चालत गेला की तो दोन फोटोंत येतो नाहीतर अर्धा कापला जातो, तर एका फोटोत त्याच्याभोवती मास्क काढायचा, हुगिन तो भाग शेजारच्या फोटोतून घेतं. ढगांवरचे पॉइंट काढायला सेलेस्ट नावाचं बटण आहे, ढग हलतात म्हणून ते काढलेच पाहिजेत.

त्रास काय आहे? दिसायला जुनाट, सिंपल ॲडव्हान्स्ड एक्स्पर्ट असे तीन इंटरफेस आणि एक्स्पर्टमध्ये एवढे टॅब की नवीन माणूस बिथरतो. वेग कमी, शेवटचं जोडणं एनब्लेंड हा सोबतचा प्रोग्रॅम करतो आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर मोठ्या पॅनोला पाऊण तास लागतो. १६ बिट टिफ घेतली तर एकेक फाइल जवळपास एक जीबी, डिस्क रिकामी ठेवा. आणि जुनी मॅन्युअल लेन्स असेल तर फोटोत फोकल लेंथची नोंद नसते, ती हुगिन विचारतं, क्रॉप फॅक्टरसकट (सेन्सर फुल फ्रेमपेक्षा किती पट लहान तो आकडा) बरोबर टाका नाहीतर जोड वेडावाकडा होतो.

ज्यांना महिन्यातून पन्नास पॅनो जोडून क्लायंटला द्यायचेत त्यांनी पीटीजीयूआय घ्यावं, वेळ वाचेल. जो डोंगरात जातो आणि वर्षातून आठदहाच पॅनो काढतो, पण ते मनापासून काढतो, त्याला मी हेच सांगेन. पहिल्या दिवशी असिस्टंटच चालवा आणि पॅनो कसाही आला तरी एफ ३ दाबून ती यादी नक्की बघा. टोकावरून काढलेला तो पॅनो आता बाहेरच्या खोलीत लावलाय, सहा फुटांचा, आणि जवळ जाऊन बघितलं की खाली कोकणातली बेलपाड्याकडची झाडी वेगवेगळी दिसते.