रुग्णालयातील कर्मचाऱ्यांसाठी कोविशील्ड: तीन डोसांनंतरचे परीक्षण

करोनावरची कोविशील्ड ही लस मी तीन वेळा घेतली. पहिला डोस जानेवारी २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात, दुसरा पाच आठवड्यांनी मार्चच्या सुरुवातीला आणि प्रिकॉशन डोस, म्हणजे खबरदारीचा तिसरा डोस, एप्रिल २०२२ मध्ये. त्या काळात मी नवी मुंबईतील एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका होते, कोपरखैरण्याहून ये-जा करत होते आणि घरी मधुमेह असलेल्या सासूबाई होत्या. त्यामुळे या लशीकडून मला मुख्यतः एकच गोष्ट हवी होती: वॉर्डातला विषाणू माझ्यामार्फत घरात शिरू नये. ती अपेक्षा कितपत पुरी झाली, हे मला येथे नोंदवायचे आहे. आमच्याकडे नव्याने रुजू होणाऱ्या मुली अजूनही विचारतात, "सिस्टर, लस घेऊनही तुम्हाला झालाच ना, मग घ्यायची कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

आधी वस्तूविषयी. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ॲस्ट्राझेनेका यांनी विकसित केलेली लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने भारतात कोविशील्ड या नावाने बनवली. चिंपांझीमध्ये आढळणाऱ्या, सर्दीच्या विषाणूंच्या कुळातील एका विषाणूची वाढण्याची क्षमता काढून घेऊन त्याच्याकरवी करोनाच्या काटेरी प्रथिनाची ओळख शरीराला करून दिली जाते. एका वायलमध्ये (कुपीत) दहा डोस, दंडाच्या स्नायूत अर्धा मिलिलिटर आणि साठवण २ ते ८ अंश सेल्सिअसला. म्हणजे बालकांच्या लशी ज्या शीतपेटीत ठेवतो तीच शीतपेटी येथेही पुरली, उणे सत्तर अंशांची वेगळी व्यवस्था उभारावी लागली नाही, आणि म्हणूनच ही लस आमच्यापर्यंत इतक्या लवकर पोहोचली.

देशातले लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले आणि पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळाला. लसीकरणाच्या नोंदणीसाठीच्या कोविन प्रणालीतील तांत्रिक अडचणींमुळे महाराष्ट्रात सुरुवातीलाच काम थांबवावे लागले होते, पण माझी पाळी आली तेव्हा केंद्रावरची व्यवस्था नीट चालली होती. नाव तपासणारी खोली, सुई टोचणारी खोली आणि अर्धा तास बसवून ठेवणारी खोली अशा तीन खोल्या होत्या आणि शेवटच्या खोलीत ॲलर्जीच्या तीव्र प्रतिक्रियेसाठी लागणारी औषधे हाताशी मांडून ठेवलेली होती. पहिल्या डोसाच्या रात्री अंग मोडून आले, ताप चढला आणि दंड दोन दिवस वर उचलत नव्हता. दुसऱ्या डोसाला नुसती कणकण. या लशीमुळे फार क्वचित रक्तात गुठळ्या होऊन त्याबरोबर प्लेटलेट कमी होण्याचा गंभीर विकार उद्भवतो, ही गोष्ट नंतर समोर आली. आपल्याकडे परीक्षणे लिहिणारे एक तर तेवढेच सांगतात किंवा ते पूर्ण गाळतात, म्हणून ती येथे नोंदवून पुढे जाते.

एप्रिल २०२१ मध्ये खरी परीक्षा झाली. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रातले करोना केंद्र भरलेले, आमच्याकडे एक खाट रिकामी होण्याआधीच तिच्यासाठी चार फोन, आणि ऑक्सिजनचा हिशेब तासातासाला. डेल्टा नावाचा जो प्रकार पुढे जगभर गेला, त्याचा तडाखा महाराष्ट्राने आधी सोसला. त्या महिन्यात आमच्या विभागातील काही जणींना लागण झाली. त्यातल्या बहुतेकींचे दोन्ही डोस झालेले होते. त्या घरी राहिल्या, बऱ्या झाल्या, कामावर परतल्या. या एका वाक्याचे वजन कळण्यासाठी आधीचे वर्ष आठवावे लागते. २०२० च्या पावसाळ्यात आमच्याच वॉर्डातल्या मामांना (वॉर्डबॉयना आम्ही मामा म्हणतो) आम्हीच व्हेंटिलेटरवर घेतले होते, आदल्या आठवड्यापर्यंत ज्या खाटा ते ओढत होते त्यांपैकीच एकीवर. ते परतले नाहीत.

अर्थात एका विभागाच्या अनुभवावरून लशीला गुण देता येत नाहीत, त्यासाठी मोठ्या संख्येचा आधार लागतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्या १०,६०० कर्मचाऱ्यांचा २१ फेब्रुवारी ते १९ मे २०२१ या काळातला हिशेब मांडला. लस घेतलेल्यांपैकी ९३ टक्क्यांहून अधिक जणांनी कोविशील्ड घेतली होती, त्यामुळे हा अभ्यास बहुतांशी याच लशीचा आहे. दोन डोस घेतलेल्यांना संसर्गापासून ६५ टक्के, रुग्णालयात दाखल होण्यापासून ७७ टक्के, ऑक्सिजन लागण्यापासून ९२ टक्के आणि अतिदक्षता विभागापासून ९४ टक्के संरक्षण मिळाले. सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेने सुमारे १५.९ लाख आरोग्य आणि आघाडीच्या कर्मचाऱ्यांची माहिती तपासली, तेव्हा दोन डोसांनंतर मृत्यूंत सुमारे ९८ टक्के घट दिसली आणि संसर्गातही ९३ टक्के. कोवॅक्सिन या त्या वेळच्या दुसऱ्या भारतीय लशीविषयी बोलायचे तर दिल्लीच्या एम्समधील कर्मचाऱ्यांमध्ये, नेमक्या डेल्टाच्या लाटेत, लक्षणे असलेल्या आजारापासून मिळालेले संरक्षण ५० टक्के भरले.

येथे थोडे थांबावेसे वाटते, कारण ६५ टक्क्यांचा अर्थ आमच्या क्षेत्रातही चुकीचा लावला जातो. लस घेतलेल्या शंभरांपैकी पस्तीस जणांना लागण झाली, असा तो अर्थ नाही. समजा एका मोठ्या रुग्णालयात लस न घेतलेल्या ठरावीक संख्येच्या कर्मचाऱ्यांपैकी शंभर जण बाधित झाले, तर तितक्याच संख्येच्या लस घेतलेल्यांमध्ये सुमारे पस्तीस जण बाधित होतील, असा तो आहे. आणि एकाच लशीचे आकडे एकीकडे ६५ आणि दुसरीकडे ९३ का येतात, याचे कारण बरेचसे मोजण्याच्या पद्धतीत आहे. लक्षणे दिसल्यावरच स्वॅब घेतला तर लक्षणांविना झालेली लागण हिशेबात येत नाही, आणि ज्या वेळी समाजात विषाणू कमी फिरत असतो त्या वेळचा काळ हिशेबात किती धरला, यावरही निकाल बदलतो. म्हणूनच ब्रिटनमधील सायरन या अभ्यासाला मी अधिक मान देते. त्यात ३५ हजारांहून अधिक रुग्णालयीन कर्मचाऱ्यांची लक्षणे असोत वा नसोत, दर दोन आठवड्यांनी आरटीपीसीआर चाचणी होत असे. तेथील लस बहुतांश फायझरची होती, पण शिकण्यासारखे जे आहे ते आपल्यालाही लागू पडते: कमी अंतराने दोन डोस घेतलेल्या आणि आधी लागण न झालेल्या कर्मचाऱ्यांमध्ये संसर्गापासूनचे संरक्षण पहिल्या दोन-अडीच महिन्यांत ८५ टक्के होते, आणि साडेसहा महिने उलटल्यावर ते ५१ टक्क्यांवर आले.

वॉर्डात राबणाऱ्या माणसासाठी ही घसरण हाच या लशीचा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. दंडात टोचलेल्या लशीमुळे रक्तात प्रतिपिंडे (अँटिबॉडी) भरपूर तयार होतात, पण विषाणू आधी उतरतो तो नाकाघशाच्या अस्तरावर, जेथे ही प्रतिपिंडे तुलनेने कमी पोहोचतात. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातले प्रमाण इतके जास्त असते की नाकापर्यंतही पुरेसे झिरपते. पुढे ते ओसरते. मात्र विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी टिकून राहतात आणि विषाणू फुफ्फुसापर्यंत खोल जाण्याच्या आत त्या कामाला लागतात. दार उघडे राहते, पण आतली तिजोरी सुरक्षित असते. त्यात आमचे काम असे की सक्शन करताना (घशातला कफ यंत्राने ओढताना), श्वासनलिकेत नळी घालताना, नेब्युलायझर लावताना विषाणूशी गाठ रोज पडते, तीही मोठ्या मात्रेत.

माझी गाठ जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात पडली. महाराष्ट्रातला ओमिक्रॉनचा पहिला रुग्ण डिसेंबरमध्ये आमच्याच ठाणे जिल्ह्यात, कल्याण-डोंबिवलीत सापडला होता आणि महिन्याभरात आमच्या ड्यूटीच्या तक्त्यावर रोज दोन-तीन नावांपुढे काट मारली जाऊ लागली. दुसऱ्या डोसाला दहा महिने उलटले होते. आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रिकॉशन डोस १० जानेवारीपासून मिळणार होता, मला त्याआधी चारच दिवस ताप आला. घसा खवखवला, दोन दिवस ताप राहिला, सात दिवसांच्या विलगीकरणानंतर मी कामावर परतले. पण चौथ्या दिवशी सासूबाईंना खोकला सुरू झाला. ज्या एका गोष्टीसाठी मी लस घेतली होती, ती गोष्ट लशीने केली नाही. हे मी स्पष्ट लिहिते. आणि तितक्याच स्पष्टपणे हेही लिहिते की, अडुसष्ट वर्षांच्या, पंधरा वर्षे मधुमेह असलेल्या त्या बाईंचा ऑक्सिजन एकदाही ९५ च्या खाली गेला नाही. त्यांचेही दोन डोस मे महिन्यात पुरे झाले होते. मी दर चार तासांनी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत होते आणि प्रत्येक वेळी आकडा दिसेपर्यंतच्या त्या काही सेकंदांत मला मामांची खाट आठवत होती.

तिसरा डोस आजारातून बरे झाल्यावर तीन महिने थांबून घ्यायचा, असा नियम होता, म्हणून तो एप्रिलमध्ये घेतला. त्याचा परिणाम किती, हे माझ्यापुरते सांगता येणार नाही, कारण लस आणि आजार दोन्हींचे संरक्षण एकत्र झाले. एवढे मात्र माझे मत आहे की, आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसात ठेवलेले नऊ महिन्यांचे अंतर फार होते. ते पुढे सहा महिन्यांवर आणले, पण तोवर ओमिक्रॉनची लाट येऊन गेली होती.

गुण द्यायचेच तर असे देईन: मृत्यू आणि अतिदक्षता विभाग टाळण्यासाठी पाचपैकी साडेचार. संसर्ग रोखण्यासाठी पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरते साडेतीन, सहा महिन्यांनंतर दोन आणि ओमिक्रॉनसमोर त्याहूनही कमी. नाकातून द्यायची भारत बायोटेकची लस जानेवारी २०२३ मध्ये आली, ती याच उणिवेवर उपाय शोधण्याच्या दिशेने. नाकाच्या अस्तरावरच संरक्षण उभे करण्याची कल्पना मला पटते, परंतु रुग्णालयीन कर्मचाऱ्यांमध्ये ती संसर्ग किती रोखते हे मोजलेले दिसल्याशिवाय तिला गुण देणार नाही.

मला तक्रार करायची आहे ती लशीबद्दल नव्हे, तर लशीचा जो अर्थ आमच्या तेव्हाच्या व्यवस्थापनाने लावला त्याबद्दल. दुसरे डोस पुरे होताच कर्मचाऱ्यांची नियमित चाचणी बंद झाली. एन-९५ मास्क रोज मिळत होता तो आठवड्याला दोन इतका खाली आला आणि विचारणा केल्यावर "तुमचे डोस झालेत ना" हे उत्तर मिळाले. ज्या लशीचे संरक्षण संसर्गापुरते साठ-सत्तर टक्के आहे आणि तेही ओसरत जाणारे आहे, तिच्या भरवशावर मास्क काढून घेणे म्हणजे उरलेले तीस-चाळीस टक्के कर्मचाऱ्यांच्या घरच्यांवर टाकणे होते. मी हे तेव्हा लेखी दिले होते.

शिवाय लागण कोठे होते, याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. रुग्णाजवळ आम्ही पूर्ण पोशाखात असायचो. पण ड्यूटी बदलताना वीस मिनिटे मिळत, तेव्हा वॉर्डामागच्या चहाच्या खोलीत सहा-सात जण मास्क उतरवून गुडघ्याला गुडघा लावून बसत. खोलीला खिडकी नव्हती, वातानुकूलन बंद जागेतली तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत होते. जानेवारीत आजारी पडलेल्या माझ्या तुकडीतील पाच जणींपैकी चौघी एकाच सकाळी त्या खोलीत चहा प्यायला होत्या, मी त्यांपैकी एक. फेब्रुवारीत मी, रात्रपाळीच्या ब्रदरनी (पुरुष परिचारकांनी) आणि वॉर्डातल्या मावशींनी (आयांनी) मिळून पाठपुरावा केला. तेव्हा मागच्या भिंतीत झरोका पाडून बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला गेला आणि आत एका वेळी दोघांनीच बसायचे, अशी पाटी दारावर लागली. ते रुग्णालय मी पुढे सोडले. तिथल्या मैत्रिणी सांगतात की पंखा अजून चालू आहे.