मेल खऱ्या पत्त्यावरून आला आणि 6,84,400 रुपये गेले

रक्कम आधीच सांगतो : सहा लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे. मालाचे 5,80,000 आणि वर 18 टक्के जीएसटी.

कोल्हापूर जिल्ह्यात आमचं छोटं मशीन शॉप आहे. राजकोटच्या एका पार्टीकडून बरीच वर्षं स्पेअर्स घेतो. 27 मार्च 2025 ला त्यांच्या अकाउंट्सचा मेल आला : ऑडिटमुळे नेहमीचं खातं बंद आहे, पैसे या नव्या खात्यावर 31 च्या आत टाका. लेटरहेड तेच, शिक्का तोच, बिल नंबर आणि रक्कम तंतोतंत. म्हणजे कुणीतरी आमचा पत्रव्यवहार आधीच वाचत होतं.

खातं बदलल्याचे असले मेल सगळ्यांना माहीत आहेत, मलाही होते. 2015 मध्ये भामट्यांनी ओएनजीसीच्या मेल पत्त्यातली दोन अक्षरं उलटसुलट करून, सौदी अरामको ही तेल कंपनी ओएनजीसीला देणं लागत होती ते सुमारे 197 कोटी भलतीकडे वळवले, ते वाचल्यापासून मी पत्ता अक्षर न् अक्षर तपासतो. त्याही दिवशी तपासला. पत्ता खरा होता! आजवरचे सगळे मेल जिथून आले, तोच. मग संशय घ्यायचा कशाचा? आणि घाई म्हणाल, तर ती आमच्या सीएनेच लावली होती. लघुउद्योगाचं मुदत उलटलेलं बिल 31 मार्चच्या आत चुकतं केलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत.

एक क्षण मात्र अजून डोक्यातून जात नाही. आमच्या अकाउंट्सच्या ताईंनी विचारलं, “सर, राजकोटच्या पार्टीचं खातं कोलकात्याच्या शाखेत कसं?” म्हणून मी मेलला उत्तर टाकलं, खातं कन्फर्म करा. ते उत्तर राजकोटला गेलंच नाही. मेलमध्ये ‘रिप्लाय-टू’ला वेगळाच पत्ता लावलेला होता, डोमेनच्या, म्हणजे ‘@’ नंतरच्या नावाच्या, शेवटी एक जादा ‘एस’. मोबाईलवर तिथे नुसतं नाव दिसतं, पत्ता नाही. नावावर बोट ठेवलं असतं तर तो ‘एस’ दिसला असता. ‘येस, कन्फर्म्ड’ असं उत्तर लगेच आलं आणि आरटीजीएस झालं. खातरजमा कधीही त्याच मेलला उत्तर देऊन करू नका. जुन्या बिलावरचा नंबर लावा.

2 एप्रिलला पार्टीचा फोन आला, पेमेंट कधी करताय?

मग कॉम्प्युटरवर तो मेल उघडून ‘शो ओरिजिनल’ बघितलं, तिथे मेलचा हेडर, म्हणजे तो कुठून कसा आला याची नोंद दिसते. एसपीएफ, म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का ही तपासणी, सॉफ्टफेल : बहुधा नाही. डीकेआयएमची, म्हणजे डोमेनची डिजिटल, सहीच नाही. डीमार्क फेल, आणि पुढे पी (पॉलिसी) बरोबर नन. मेलमधलं ‘फ्रॉम’ म्हणजे पाकिटावर लिहिलेलं पाठवणाऱ्याचं नाव, कुणीही काहीही लिहू शकतो. हे रोखण्यासाठीच डीमार्क आहे. आपल्या नावाचा मेल पडताळणीत नापास झाला तर काय करायचं, हे डोमेनचा मालक एका टीएक्सटी रेकॉर्डमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदीत, लिहून ठेवतो : ‘रिजेक्ट’ म्हणजे परत पाठवा, ‘क्वारंटाइन’ म्हणजे स्पॅममध्ये टाका, ‘नन’ म्हणजे काहीच करू नका. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचं केलं, पण त्यांना ‘नन’ही चालतं. या पार्टीने तेवढंच करून विषय संपवला होता. ‘रिजेक्ट’ असतं तर तो मेल माझ्यापर्यंत पोचला नसता. आणि वर मलाच ऐकवतात, आमचा मेल हॅक झालेला नाही, पैसे तुम्ही भरा!

बँकेत गेलो. “खाते क्रमांक तुम्हीच दिलात.” लाभार्थीचं नाव मी लिहिलं होतं त्याचं काय? तर जमा फक्त क्रमांकावरून होते. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय रिझर्व्ह बँकेने बँकांना 1 एप्रिल 2025 पर्यंत द्यायला सांगितली होती. माझे पैसे गेले 27 मार्चला. आता ती सोय आहे, प्रत्येक वेळी वापरा.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली तेव्हा खात्यात 38,200 उरले होते, तेवढे होल्ड झाले. बाकी 6,46,200 पुढच्या खात्यांमधून कधीच निघून गेले होते. ते 38,200 सोडवायलाही कोर्टाचा आदेश आणा म्हणाले.

पोलीस ठाण्यात काय झालं ते लिहिताना हात थरथरतो. “मेल राजकोटच्या पत्त्यावरून आलाय ना? मग राजकोटला जा.” मी हेडरची प्रिंट पुढे केली, हा मेल त्यांच्या सर्व्हरवरून निघालेलाच नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कागद उलटा करून त्यावर माझा मोबाईल नंबर लिहून घेतला. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 तेच सांगतं. हे मी, एक मशीन शॉपवाला, त्यांना सांगत होतो! मग म्हणे आयटी कायद्याचा तपास निरीक्षकाशिवाय होत नाही आणि साहेब बंदोबस्ताला आहेत. साहेब परत आले की नाही, हे मला आजतागायत कुणी कळवलेलं नाही. लेखी पोच मागा, पोच घेतल्याशिवाय उठू नका.

आमच्या डोमेनचं डीमार्क आता ‘रिजेक्ट’वर आहे. एकदम तिथे उडी मारू नका. आधी ‘नन’ ठेवून डीमार्कचे येणारे रिपोर्ट वाचा, बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर आणि वेबसाइटचा फॉर्म कुठून मेल पाठवतात ते शोधा, नाहीतर तुमचीच बिलं परत येतील. फक्त ‘नन’वर झोपून राहू नका. न वापरलेलं डोमेन पडून असेल, तर त्याला आजच ‘रिजेक्ट’ लावा. जादा ‘एस’वालं डोमेन मात्र डीमार्कने अडत नाही, तिथे फोनच करावा लागतो.

नव्या पार्टीला आगाऊ रक्कम देण्याआधी मी त्यांचं डीमार्क रेकॉर्ड बघतो. राजकोटवाल्यांचं आज सकाळीही बघितलं. ‘नन’च आहे.