खोल्यांचे दर कोणी ठरवावेत: मुख्य कार्यालयाने की हॉटेलने?

मुंबई आणि परिसरात चार-पाच हॉटेले असलेल्या साखळीच्या मालकांपुढे दोन मार्ग असतात: सर्व हॉटेलांचे दर ठरवणारा एक केंद्रीय महसूल विभाग उभारणे, किंवा प्रत्येक हॉटेलात स्वतंत्र रेव्हेन्यू मॅनेजर नेमणे. उद्दिष्ट दोन्हीकडे एकच असते, ते म्हणजे रेव्हपार, अर्थात विक्रीसाठी उपलब्ध असलेल्या प्रत्येक खोलीमागचे उत्पन्न वाढवणे. १०० खोल्यांपैकी ९० खोल्या ४,००० रुपयांनी गेल्या तर रेव्हपार ३,६०० रुपये होतो; ७०च खोल्या ५,५०० रुपयांनी गेल्या तर तो ३,८५० रुपये होतो, शिवाय २० खोल्यांची सफाई, धुलाई आणि वीज वाचते. हॉटेल भरले यावरच समाधान मानणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडून पाहावा.

केंद्रीय विभागाची सर्वांत मोठी जमेची बाजू अशी की, एकाच साखळीची हॉटेले एकमेकांचे ग्राहक पळवत नाहीत. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर जवळजवळ असलेल्या दोन हॉटेलांचे मॅनेजर आपापली ऑक्युपन्सी, म्हणजे भरलेल्या खोल्यांचे प्रमाण, वाढवण्यासाठी ओटीएवर, म्हणजे ऑनलाइन बुकिंगच्या संकेतस्थळांवर, दर उतरवू लागले, तर दोघांचेही आकडे चांगले दिसतात आणि नुकसान मात्र मालकाचे होते. आधीच जाहीर झालेल्या कार्यक्रमांच्या बाबतीतही केंद्रीय विभाग सरस ठरतो. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, त्यांच्या तारखा काही महिने आधीच ठाऊक होत्या. अशा वेळी वाशी-बेलापूरच्या खोल्यांवरील सवलती तारखा जाहीर झाल्या त्याच दिवशी बंद करणे आणि उरलेली मागणी कुर्ला-चेंबूरकडे वळवणे, हे सर्व हॉटेलांचे बुकिंग एकत्र पाहणाऱ्यालाच जमते.

स्वतंत्र मॅनेजरचे बळ अचानक घडणाऱ्या गोष्टींत दिसते. पावसाने लोकल बंद पडल्या किंवा विमाने रद्द झाली की खोल्यांची चौकशी सर्वप्रथम फ्रंट ऑफिसला येते, सॉफ्टवेअरला ती उशिरा कळते. मात्र अडकलेल्या माणसांकडून मिळेल तेवढे घ्यावे, हे मला मान्य नाही. अशा रात्रीसाठी दराची कमाल मर्यादा साखळीने आधीच लेखी ठरवून ठेवली पाहिजे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेल्या रुग्णांचे नातेवाईक आठवडेच्या आठवडे राहतात. त्यांना साप्ताहिक दर देणे माणुसकीचे आहेच, आणि खोली सलग भरलेली राहत असल्यामुळे फायद्याचेही आहे. पण तो निर्णय त्यांच्याशी समोरासमोर बोलणाराच नीट घेऊ शकतो.

जीएसटीचा प्रश्न मात्र केंद्रीय विभागाकडे झुकवतो, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, त्यावर हॉटेलला इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या खरेदीवर भरलेला कर वळता करून घेण्याची सोय, मिळत नाही. दर त्यापुढे गेला की संपूर्ण दरावर १८ टक्के कर असून क्रेडिट मिळते. म्हणजे ७,५०० रुपयांच्या खोलीसाठी पाहुणा ७,८७५ रुपये देतो, आणि दर केवळ १०० रुपयांनी वाढवला की त्याला ८,९६८ रुपये मोजावे लागतात. स्वतःच्या खिशातून पैसे देणारा पाहुणा इथे पाठ फिरवतो, तर महाराष्ट्रात नोंदणी असलेली कंपनी व्यवसायासाठी घेतलेल्या खोलीवरील कराचे क्रेडिट घेऊ शकत असल्याने तिला तो फरक तितका जाणवत नाही. कोणत्या दिवशी कोणता ग्राहक अपेक्षित आहे हे पाहून दर या रेषेच्या अलीकडे ठेवावा की बराच पलीकडे न्यावा, हे ठरवताना करसल्लागार आणि बुकिंगचा इतिहास दोन्ही हाताशी लागतात. प्रत्येक हॉटेलात ती सोय करणे परवडत नाही.

म्हणून मुंबई, ठाणे, नवी मुंबई एवढ्यातच हॉटेले असतील तर मी केंद्रीय विभागाची शिफारस करेन. साखळीत महाबळेश्वर किंवा अलिबागचे हॉटेल असेल, तर तिथल्या शनिवार-रविवारच्या गर्दीचा मुंबईच्या कॉर्पोरेट मागणीशी फारसा संबंध नसल्यामुळे तेवढ्यापुरता वेगळा माणूस ठेवावा. केंद्रीय विभाग नेमतानाही, ठरलेल्या मर्यादेत त्या दिवसाचा दर बदलण्याचा अधिकार हॉटेलच्या जनरल मॅनेजरकडे राहू द्यावा. ओव्हरबुकिंगची जबाबदारीही आधीच लिहून घ्यावी: मुख्य कार्यालयाने असलेल्यापेक्षा जास्त खोल्या विकल्या आणि रात्री बारा वाजता पाहुण्याला दुसऱ्या हॉटेलात पाठवावे लागले, तर त्या खोलीचा आणि टॅक्सीचा खर्च केंद्रीय विभागाच्याच खात्यावर टाकावा.