३७९ रुपयांचा टायमर अन् रात्री दोनपर्यंत जळणारा दिवा: अकरा महिन्यांचा अनुभव

घर बंद असताना हॉलचा दिवा आपोआप लावून विझवणारा माझा टायमर मागच्या रविवारी बंद पडला. डायल जागेवर अडकली, जो किर्र किर्र आवाज यायचा तोही गेला, अन् वॉरंटी संपायला फक्त बारा दिवस बाकी होते. म्हटलं चला बरं झालं, बारा दिवसांनी बंद पडला असता तर बोंबलत बसलो असतो. कंपनीच्या माणसाने आधी फोटो मागितला, मग व्हिडिओ मागितला, मग बिल, अन् तीन दिवसांनी म्हणतो "सर, हे फिजिकल डॅमेज आहे, तरी चेक करायचं असेल तर स्वतःच्या खर्चाने दिल्लीला कुरियर करा." कुरियरवाला १८० रुपये सांगून राहिला. ३७९ च्या वस्तूला १८० चं कुरियर! म्हणून हे लिहून राहिलो, पुढच्या महिन्यात नाताळच्या सुट्ट्या लागतील अन् अर्धं नागपूर घराला कुलूप लावून निघेल, कोणाच्या तरी कामी येईल.

आम्ही त्रिमूर्तीनगरकडे राहतो, स्वतंत्र घर, तळमजला. मुलाची शाळा सीबीएसई, २४ पासून सुट्टी, त्यामुळे आमच्या गल्लीत त्या आठवड्यात दहातली सहा घरं बंद असतात, कोणी गोव्याला, कोणी पचमढीला, कोणी पेंचला. उन्हाळ्यात गल्लीत लोक उशिरापर्यंत बाहेर खुर्च्या टाकून बसतात, गच्चीवर झोपतात, कोणी आलं-गेलं दिसते. डिसेंबरात सगळं उलटं. साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळला की आठ वाजता खिडक्या बंद अन् माणूस रजईत. २०१८ च्या २९ डिसेंबरला पारा ३.५ वर आला होता आठवते ना, तशा थंडीत बाहेर कुत्रं कितीही भुंकलं तरी कोणी उठून पाहत नाही.

मागच्या वर्षीच्या दिवाळीनंतर मागच्या गल्लीत घरफोडी झाली. पेपरात नेहमीचं छापून आलं, कुलूपकोंडा तोडून ऐवज लंपास. पण खरं म्हणजे तिथे कोंड्याला कोणी हातच लावला नव्हता, कुलूप दाराला जसंच्या तसं लटकून होतं. चोर कूलरच्या खिडकीतून घुसले. आता नागपूरवाल्यांना हे सांगायची गरज नाही, कूलर बसवायला आपण सगळ्यांनी बेडरूमच्या खिडकीची ग्रिल कापलेली आहे, अन् हिवाळ्यात तो कूलर वर ताडपत्री बांधून स्टँडवर तसाच उभा असतो, पाणी नसलेला, हलका. दोन माणसांनी सरकवला की झाला दरवाजा. मी त्या दिवशी घरी येऊन आपली खिडकी पाहिली अन् पोटात गोळा आला, कारण ती ग्रिल मीच उभं राहून कापून घेतली होती.

शेजारचे काकाजी कोर्टातून रिटायर झालेले, ते लगेच म्हणाले "चारशे सत्तावन्न, तीनशे ऐंशी." म्हणजे घरफोडी अन् घरातल्या चोरीची जुन्या आयपीसीतली कलमं. म्हटलं काकाजी, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत ते ३३१ अन् ३०५ झालं. म्हणे "नंबर बदलला जी, चोर तेच आहेत."

मग मी खरेदीला लागलो. वायफाय कॅमेरा २,६९९, त्यात ६४ जीबीचं कार्ड ५५०, राउटरसाठी मिनी यूपीएस (लाईट गेली तरी वायफाय चालू ठेवणारी छोटी बॅटरी) १,१५०, अन् हा टायमर ३७९. खिडकीला आडव्या पट्ट्या वेल्डिंग करून घेतल्या त्याचे १,४०० वेगळे. बायकोने सगळं ऐकून एकच विचारलं, "अहो, आपल्या घरात चोराने न्यायसारखं आहे तरी काय इतकं?" सोनं तिने आधीच लॉकरमध्ये टाकलं होतं. तिचा प्रश्न बरोबर होता, पण मी तेव्हा ऐकायच्या मूडमध्ये नव्हतो.

कॅमेऱ्याबद्दल फार लिहित नाही, सगळ्यांकडे तेच आहे, ३ मेगापिक्सेल, गोल फिरतो, २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतो, रात्री चित्र ठीकठाक. व्हरांड्यात लावला तर कोळी भिंगासमोर जाळं विणते अन् रात्रभर 'माणूस दिसला' 'माणूस दिसला' असे मेसेज येत राहतात, म्हणून हॉलमध्ये आत लावला. क्लाउडचे, म्हणजे रेकॉर्डिंग इंटरनेटवर साठवायचे, महिन्याचे पैसे मी भरत नाही, अन् कार्ड कॅमेऱ्यातच असते, म्हणजे चोराने कॅमेरा नेला तर पुरावा पण तोच घेऊन गेला. हे माहीत असूनही पैसे भरत नाही.

आता टायमर. गोल डायलवाला, भोवताली ९६ पिना, एक पिन म्हणजे १५ मिनिटं. जितक्या पिना खाली दाबाल तितका वेळ दिवा सुरू. मी संध्याकाळी पावणेसहा ते रात्री साडेदहा लावलं, हॉलमध्ये ९ वॉटचा बल्ब. गेल्या नाताळात आम्ही नऊ दिवस गोव्याला जाणार होतो, हिशेब केला, नऊ दिवसांत बल्बचा अर्धा युनिट पण होत नाही. इतकी आवडली मला ही वस्तू की सांगू नका. कॅमेरा चोर आल्यावर दाखवतो, हा चोराला येऊच देत नाही, अन् ते पण ना ॲप, ना पासवर्ड, ना महिन्याचे पैसे. पहिले तीन दिवस मी गोव्यात बसून रोज पावणेसहाला मोबाईल काढायचो अन् हॉल उजळताना पाहायचो. मुलगा म्हणे बाबा समुद्र पाहा ना. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी सहा स्टार दिले असते.

२७ डिसेंबरला इकडे नागपुरात अवकाळी पाऊस झाला अन् दुपारी चार वाजता लाईट गेली. आधी कॅमेरा ऑफलाइन. म्हटलं असं कसं, यूपीएस आहे ना. मग डोक्यात प्रकाश पडला, यूपीएस राउटरला आहे, कॅमेऱ्याचा ॲडॉप्टर तर थेट भिंतीतल्या प्लगमध्ये. म्हणजे वायफाय जोरात चालू अन् पाहणारा आंधळा. ११५० रुपये देऊन ही अक्कल (आता यूपीएसच्या यूएसबीतूनच कॅमेरा जोडलाय, चालते, फक्त पाच व्होल्टचा असेल तरच करा). सात चाळीसला लाईट आली, कॅमेरा आला, पण हॉलमध्ये काळोख.

या टायमरमध्ये बॅटरी नाही हो. आत छोटी मोटर आहे, ती विजेवरच फिरते, लाईट गेली की डायल आहे तिथेच थांबते अन् आली की तिथूनच पुढे. म्हणजे तीन तास चाळीस मिनिटं लाईट गेली तर घड्याळ तितकंच मागे. डब्यावर कुठेच लिहिलेलं नाही. मी नऊ पंचवीसपर्यंत मोबाईल हातात घेऊन बसलो, तेव्हा दिवा लागला, अन् मग दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत जळत राहिला. मी पण जागा. आता तुम्हीच सांगा, अख्खी गल्ली झोपलेली अन् एकाच घराच्या हॉलमध्ये रात्री दोनला लाईट, माणूस नाही, आवाज नाही, टीव्ही नाही. चोराला उलट खात्रीच पटेल की इथे यंत्र आहे. अन् दुसऱ्या दिवशीही तेच होणार, कारण घड्याळ आपोआप सुधरत नाही. त्या रात्रीपासून माझ्या डोक्यातून हे गेलं नाही. मित्र म्हणतात कॅमेरा बंद पडला त्याचं काही नाही वाटत का? नाही वाटत. कॅमेऱ्याने मला फसवलं नाही, ऑफलाइन आहे म्हणून तरी सांगितलं.

सकाळी काकाजींना फोन केला, चावी त्यांच्याकडे होती. म्हटलं डायल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, आता आठ वाजले तर बाणासमोर आठ आणा. काकाजींचं लॉजिक वेगळं, दिवा उशिरा लागला तर मागे घ्यायला पाहिजे. मला कॅमेऱ्यात दिसून राहिलं, ते उलटं फिरवून राहिले, मोबाईल टेबलावर ठेवलेला, म्हणून मी कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून ओरडलो, "काकाजी उलटं नका फिरवू!" ते जे दचकले! रिकाम्या घरात भिंतीतून माझा आवाज. हातातला चष्मा पडला अन् त्याच झटक्यात डायल जोरात मागे गेली, कट्ट असा आवाज मला गोव्यात ऐकू आला. तोच किर्रचा जन्म. त्यानंतर अकरा महिने तो किरकिरत चालला, दिवाळीत आकाशकंदील पण त्यावरच लावला, अन् मागच्या रविवारी गेला. म्हणजे कंपनीचं 'फिजिकल डॅमेज' खरंच आहे, पण मी त्यांना ते सांगणार नाही, कारण बॅटरी का नाही टाकली याचं उत्तर त्यांनी अजून दिलं नाही.

परत आल्यावर कळलं की खरं काम तिसऱ्याच माणसाने केलं. आमच्या कामवाल्या मावशी रोज सकाळी येऊन फाटकासमोर झाडून सडा टाकून रांगोळी काढत होत्या, बायकोने जाताना ३०० रुपये देऊन ठेवले होते, मला पत्ताच नाही. पेपर काकाजी उचलत होते, माझी जुनी चप्पल दारात. समोरचे म्हणे "अरे तुम्ही कुठे गेले होते? आम्हाला वाटलं घरीच आहात." ३०० रुपये! लाईट गेली तरी सडा पडतो. तेव्हापासून टायमर माझ्या मनातून तीन स्टारवर आला, पट्ट्या अन् सडा वर.

एक अजून, गृहकर्जासोबत काढलेल्या विम्यात चोरी येते असं मी धरून चाललो होतो. कागद वाचले तर ती भारत गृह रक्षा पॉलिसी निघाली, आग-पुरासारखं काही घडलं अन् त्यानंतर सात दिवसांच्या आत चोरी झाली तरच पैसे. नुसत्या घरफोडीला वेगळं कव्हर घ्यावं लागते. जायच्या आधी आपली पॉलिसी काढून पाहा एकदा.

यंदा २३ ची तिकिटं आहेत. बॅटरीवाला डिजिटल टायमर ८५० ला आहे, लाईट गेली तरी वेळ धरून ठेवतो म्हणे. जुन्याच मॉडेलची किंमत आता ४२९ झाली. बायको म्हणे ८५० मध्ये मावशी पंचवीस दिवस सडा टाकतील. अजून ठरलं नाही.

अन् काल संध्याकाळी काकाजी आले, यंदा ते पण नाताळात लेकीकडे हैदराबादला चालले. म्हणे "तुमचा तो दिव्याचा डब्बा पडूनच असेल ना, आठ दिवस द्या जी, मला फिरवता येते." मी हो म्हटलं. बंद पडलाय हे सांगायची हिंमत नाही झाली.