सर्टिफिकेटवरचा 'इच' कुठं गेला? विश्रामबागच्या रशियन क्लासबद्दल

सांगलीत रशियन शिकवतात हे मला साठी उलटल्यावर कळलं. विश्रामबागला एका झेरॉक्सच्या दुकानावर अरुंद जिना, वर एकच खोली, शनिवार-रविवार संध्याकाळी पाच ते साडेसहा. तीन महिन्यांचे ४५०० रुपये, दोन हप्त्यांत दिले तरी चालतात. क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढं एक तक्रार येणार आहे आणि मॅडम मुळात भल्या आहेत.

मी ३१ वर्षं शाळेत क्लार्क होतो. जनरल रजिस्टर, दाखले, बोनाफाईड. विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एक वेलांटी चुकली की दहावीच्या फॉर्मच्या वेळी पालक खिडकीशी उभे. त्यामुळं कुठलंही नाव दिसलं की ते मोडून बघायची खोड लागली आहे. दुसरी खोड बुद्धिबळाची. गावात बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत ती कशी लागली हे सांगायची गरज नाही. चाळीस वर्षं पेपरातले डाव वहीत उतरवून घेतले. कार्पोव्ह, स्मिस्लोव्ह, पेट्रोस्यान, निम्झोविच. पण ही नावं अशीच का संपतात हे कधी कुणाला विचारलं नाही.

गेल्या वर्षी भाची एमबीबीएसला रशियात गेली. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. "मामा, इथं पण बापाचं नाव विचारतात. फॉर्मवर तीन रकाने आहेत, डिट्टो आपल्यासारखे." मी दुसऱ्या दिवशी जाऊन पहिला हप्ता भरून आलो.

बॅचमध्ये आम्ही नऊ जण. सहा पोरं-पोरी परदेशी शिकायला निघालेली, एक हळदीचा व्यापारी, एक रिटायर झालेल्या सिस्टर आणि मी. पहिल्याच दिवशी मॅडमनी मुळाक्षरं बाजूला ठेवली आणि प्रत्येकाला वडिलांचं नाव विचारलं. मी म्हटलं शंकर. फळ्यावर आलं, वसंत शंकरोविच. सिस्टरांचे वडील गजानन, म्हणून त्या गजाननोव्हना. मुलगा असेल तर ओविच किंवा येविच, मुलगी असेल तर ओव्हना किंवा येव्हना. नाव 'आ'नं संपणारं असेल तर कधीकधी वेगळी चाल, म्हणजे इल्याचा मुलगा इलिच आणि मुलगी इलिनिच्ना. या मधल्या नावाला ते ओत्चेस्त्वो म्हणतात, आणि मानानं हाक मारायची तर स्वतःचं नाव आणि बापाचं नाव जोडून मारायची. शाळेतली पोरं बाईंना 'बाई' म्हणत नाहीत, 'अन्ना पेत्रोव्हना' म्हणतात. उलट गॅरेजमधल्या जुन्या मिस्त्रीला सलगीनं नुसतं 'पेत्रोविच' म्हटलं तरी तो खूश.

घरी येऊन हे सांगितलं, तर आमच्या हिनं एकच प्रश्न विचारला. लग्नानंतर? मी पुढच्या शनिवारी विचारून आलो. लग्न झालं की आडनाव बहुतेकदा नवऱ्याचं लावतात, पण मधलं नाव मरेपर्यंत बापाचंच. "म्हणजे तिथं बाईला बाप जन्मभर पुरतो," ही म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. माझ्या हातानं किती सुनांची मधली नावं बदलून लिहिली असतील, त्या रात्री मोजत बसलो होतो.

तिसऱ्या आठवड्यात आडनावं आली, आणि इथं मॅडमच्या शिकवण्याला पैकीच्या पैकी. त्यांनी व्याकरण सांगितलंच नाही. विचारलं, गावाकडं नवं पोरगं दिसलं की म्हातारी माणसं काय म्हणतात? हळदवाले म्हणाले, "कुणाचा रं तू?" मॅडम म्हणाल्या, बस, 'ओव्ह' हे त्याचं उत्तर आहे. इवानोव्ह म्हणजे इवानचा. पेत्रोव्ह, पेत्रचा. इल्या, निकिता अशा नावांना 'ओव्ह' बसत नाही, तिथं 'इन' लागतो, इल्यिन, निकितिन. बाप नावानं नाही तर धंद्यानं ओळखीचा असेल तर तसं. कुझ्नेत्सोव्ह हा लोहाराचा, पोपोव्ह पाद्र्याचा. बाई असेल तर शेवटी 'आ', कारण मुळात हे विशेषणच आहे, 'इवानचा'चं 'इवानची' होणार. चेक लोकांत त्याचंच 'ओव्हा' होतं, नवरातिलोव्हा. युक्रेनमध्ये लेकरू दाखवायला एन्को, म्हणून लोहाराच्या पोराचा कोव्हालेन्को, आणि तो बाईला लावला तरी बदलत नाही. सर्बियाकडं इच, टेनिसवाला जोकोविच त्यातलाच. आणि स्की? स्की म्हणजे बहुतेक वेळा आपला 'कर'. ब्रोडी गावचा तो ब्रोद्स्की. बल्गेरियातले लोक तर वडिलांचं नाव आणि आडनाव दोन्हीला 'ओव्ह' लावतात, गेओर्गी इवानोव्ह पेत्रोव्ह. इवानचा मुलगा, पेत्रच्या घराण्यातला. असला मुलगा माझ्या रजिस्टरला एका मिनिटात बसला असता.

रशियातल्या शेतकऱ्यांना पिढीजात आडनाव मिळालं ते मुख्यतः १८६१ मध्ये भूदासपद्धत संपल्यानंतर. त्याआधी बाप बदलला की नावाचं शेपूट बदलायचं.

आता तक्रारींकडं येतो, कारण परीक्षण लिहायला बसलोय. झेरॉक्स खालच्याच दुकानातली, तरी अक्षरं पुसट. रशियन हस्ताक्षरात 'त' लिहिला की तो इंग्रजी एमसारखा दिसतो, त्यात पुसट झेरॉक्स म्हटल्यावर अंदाजपंचे. उच्चार मॅडमच्या मोबाईलवरून ऐकवतात आणि खोलीतला पंखा त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोलतो. मोठी उणीव म्हणजे अभ्यासक्रम कुठल्या कुठं वाहवत जातो. तीन महिन्यांनंतर मला रशियनमध्ये धड पाणी मागता येत नाही. आमच्या बॅचला नावांचा नाद लागला याला थोडाफार मी जबाबदार आहे, हे कबूल. परदेशी निघालेल्या पोरांनी कुरकूर केली आणि ती रास्त होती. बोलायला शिकायचं असेल तर आधी मॅडमना स्पष्ट सांगा, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे इल्या-निकितात अडकाल.

पण ज्यूंच्या नावांवरचे दोन रविवार मी पुन्हा पैसे भरून बसेन. सुरुवात माझ्या प्रश्नानं झाली. बुद्धिबळाचा जगज्जेता बोत्विनिक, त्याचं पूर्ण नाव मिखाईल मोइसेयेविच, हे मोइसेय कोण? मॅडम म्हणाल्या, मोझेस. दुसरा जगज्जेता मिखाईल ताल, त्याचं मधलं नाव नेखेम्येविच, बाप नेहेम्या. आडनावावरून कळलं नाही तरी मधलं नाव घराणं सांगून जातं. ज्यूंची मूळ रीत आणखी साधी, अमुक बेन तमुक, मुलगी असेल तर बात. सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघरात, तोरा हा धर्मग्रंथ वाचायला बोलावतात ते अजून त्याच नावानं. पूर्व आणि मध्य युरोपातल्या बहुतेक ज्यूंना कायमचं आडनाव नव्हतंच. ते लावायला लावलं सरकारांनी. ऑस्ट्रियात जोसेफ दुसरा यानं १७८७ मध्ये, रशियात १८०४ चा कायदा, प्रशियात १८१२. कर गोळा करायचा, सैन्यात पोरं भरती करायची, तर यादी नीट हवी. सरकारी यादीचं दुखणं मला कुणी समजावायला नको.

मग आडनाव काय लावायचं? पुष्कळांनी बापाचं नाव घेतलं आणि शेजाऱ्यांच्या भाषेचं शेपूट जोडलं. जर्मन बाजूला झोन, म्हणजे मुलगा: मेंडेल्सझोन. स्लाव्ह बाजूला ओविच: अब्रामोविच, लेइबोविच, रब्बीचा मुलगा म्हणून राबिनोविच. निम्झोविचच्या शेवटी जे आहे ते हेच. इस्रायलच्या एकेकाळच्या पंतप्रधान गोल्डा मेयर जन्मल्या त्या माबोविच. इस्रायलचे दुसरे अध्यक्ष जन्मानं शिमशेलेविच. त्यांनी ते टाकून वडिलांच्या त्झ्वी या नावावरून बेन-त्झ्वी घेतलं, म्हणजे फिरून जुन्या रीतीवर.

आणि मग रिव्हकिन. मॅडमनी फळ्यावर लिहिलं आणि खडू सिस्टरांकडं दिला, म्हणाल्या फोडा. सिस्टरांनी 'इन' वेगळा काढला. उरलं रिव्हका. "ही तर बाई आहे," त्या म्हणाल्या. हो, रिबेका. द्वोर्किन हा द्वोर्काचा, म्हणजे डेबोराचा. सोर्किन साराचा. माल्किन माल्काचा. आईच्या नावावरची ही आडनावं पूर्व बेलारूसमध्ये, मोगिल्योव्हच्या बाजूला, ढिगानं आहेत. कारण असं सांगतात की पुष्कळ घरांत दुकान बाई चालवायची, बाजारात ओळख तिची. सिस्टर फळ्यापाशीच थांबल्या होत्या. नवरा लवकर गेला, दोन पोरं नाईट ड्युट्या करून त्यांनी शिकवली, हे आम्हाला चहाच्या सुट्टीत भडंग खाताना कळलं होतं. त्यांनी 'इन' पुन्हा जोडला, हात झटकले आणि जागेवर येऊन बसल्या.

आपल्याकडं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. माझ्या खिडकीशी असे कागद आले नाहीत, मी आधीच सुटलो.

कास्पारोव्हचंही त्याच दिवशी निघालं. जन्मला वाइनस्टाइन. वडील लहानपणीच वारले, पुढं आईकडचं गास्पार्यान हे आर्मेनियन आडनाव रशियन वळणानं कास्पारोव्ह झालं. पण मधलं नाव किमोविच तसंच राहिलं, वडील किम म्हणून. नाव आईच्या घरचं, हाक बापाची.

मी आनंदचं सांगितलं, तेवढीच माझी भर. विश्वनाथन हे त्याच्या वडिलांचं नाव, तमिळ रीत, आणि परदेशी वार्ताहर ते आडनाव समजून त्याला मिस्टर विश्वनाथन म्हणायचे. २०१२ ला मॉस्कोत तो गेलफंडशी खेळला. गेलफंड बोरिस अब्रामोविच. दोघंही आपापला बाप घेऊन बसले होते.

हळदवाल्यांनी विचारलं, ज्यू आपल्याकडं कुठं आहेत? मॅडमना कोकण फारसं ठाऊक नव्हतं, म्हणून मीच उठलो. अलिबाग-पेण पट्ट्यातले बेने इस्रायल, शनिवार तेली म्हणायचे त्यांना. आडनावं बघा: पेणकर, किहीमकर, दिवेकर. पूर्वी अब्राहमचा आबाजी, सॅम्युएलचा सामाजी. मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव अधिक कर. त्यांना कुठल्या बादशहाचा हुकूम लागला नाही.

आता सर्टिफिकेट. निळी किनार, जाड कागद, नाव रशियन लिपीत. सिस्टरांचं 'गजाननोविच' छापून आलं, म्हणजे बाईंचा मुलगा झाला. माझं 'शंकरोव्ह'. इच गळाला. मॅडमनी हात जोडले, छापणाऱ्यानं घोळ केला म्हणाल्या, आणि वर त्यांनीच शिकवलेलं मला आठवलं. जुन्या मॉस्कोत मधल्या नावाला 'विच' लावायचा मान बड्या घराण्यांचा. साध्या माणसानं 'पेत्रोव्ह सिन', पेत्रचा मुलगा, एवढंच लिहायचं. स्त्रोगानोव्हांसारख्या गडगंज व्यापाऱ्यांनाही तो मान झारकडून १६१० मध्ये मिळवावा लागला. मी पाच मिनिटांत सरदाराचा कुळवाडी झालो.

आठ दिवसांत दुरुस्त करून देतो म्हणाले होते. तीन आठवडे झाले. ३१ वर्षं मी हेच वाक्य खिडकीच्या आतून म्हणत होतो, म्हणून आवाज चढवता येत नाही. जिना चढून गेलो की खालचा झेरॉक्सवाला ओरडतो, "शंकरोविच, अजून आलं नाही!" तो मात्र इच विसरत नाही.